मुलगा येईपर्यंत

प्रत्यय संस्थेनं आपल्याला शंभरातले अठ्ठ्याण्णव दिलेत आणि प्रसेनजितला एकतीस, हे मोबाइलवर वाचलं तेव्हा सुनयना मेश्रामला आनंद व्हायच्या आधी संशय आला. यंत्रानं नावांची अदलाबदल केली असणार, असं तिला वाटलं. दोघं एकाच सरकारी कॉलेजात शिकलेले, एकाच कॅज्युअल्टीत राबलेले. ज्या पेशंटची शीर कोणालाच सापडायची नाही त्याच्यासाठी प्रसेनजित बनसोडला हॉस्टेलवरून उठवून आणायचे. सुनयना काही वाईट नव्हती, पण हाताचं कसब त्याचंच जास्त, हे ती मोकळेपणानं कबूल करायची आणि तो तोंडदेखलं नाही-नाही म्हणायचा.

तिनं पुन्हा नावं तपासली. अदलाबदल नव्हती.

त्या काळात आपत्कालीन वैद्यकाच्या एम.डी.च्या जागा नुसत्या परीक्षेच्या मार्कांवर मिळत नव्हत्या. निम्मे डॉक्टर रेसिडेन्सी अर्ध्यात सोडून पळ काढतात, म्हणून सरकारनं 'अनुरूपता' नावाची भानगड आणली होती. प्रत्येक संस्था उमेदवाराला खोट्या प्रसंगात उभं करायची. घाम येणारा, श्वास घेणारा, मरणारा डमी पेशंट. नातेवाईक म्हणून रोजंदारीवर आणलेले नट. आणि उमेदवाराच्या डोळ्यांवर, हातांवर, नाडीवर रोखलेले कॅमेरे. शेवटी यंत्र एक अंक सांगायचं, हा माणूस आमच्याकडे किती जुळेल याचा. तो अंक आणि परीक्षेचे मार्क मिळून जागा. अंक का मिळाला, हे मात्र कोणी सांगत नसे.

पुण्याबाहेर हमरस्त्यालगत उभी असलेली प्रत्यय म्हणजे या क्षेत्रातली पंढरी नव्हे, विमानतळच. काचा, शांतता, थंडगार हवा. नागपुरात सुनयनाच्या आईनं निकाल कळायच्या आधीच अर्ध्या मोहल्ल्यात बातमी दिली होती. सुनयना आणि प्रसेन यांचं लग्न ठरून साक्षगंध उन्हाळ्यात झालेलं. दोघांनी मिळून प्रत्ययला जायचं, जवळपास दोन खोल्या घ्यायच्या, असं ठरलेलं. आता एकतीसवाल्याला तिथं दारवानही आत सोडणार नव्हता.

दोन-चार दिवसांनी प्रसेन म्हणाला की तो स्किनला जाणार. त्याच्या बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी पेढे आणले. स्किनच्या डॉक्टरला रात्री कोणी उठवत नाही, हे त्यांचं जुनं मत होतं. ज्या मुलाला ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकला की जेवणाचं ताट सोडून पळायची सवय, तो आता मुरुमांवर मलम लिहून देणार, या विचारानं सुनयनाला रडू आलं आणि मग राग आला. तिनं त्याला समोर बसवलं आणि चाचणीत काय काय झालं ते पहिल्यापासून सांगायला लावलं.

दोघांचाही प्रसंग एकच होता. पन्नाशीचा माणूस, हृदय बंद पडलेलं, शेजारी बायको रडतेय. दोघांनी त्याच क्रमानं तेच केलं. छाती दाबली, नळी टाकली, शॉक दिला, औषधं दिली. प्रसेनचा हात दोन ठिकाणी तिच्यापेक्षा चपळ होता. फरक होता तो फक्त शेवटी.

"मग आशांक शून्य झाला," प्रसेन म्हणाला. "अंग गार पडलं तरी मी दाबत राहिलो. ती बाई म्हणाली ना, मुलगा निघालाय म्हणून."

सुनयना थांबली होती.

आशांक हे त्या दिवसांत मोजक्याच ठिकाणी पोचलेलं यंत्र. पेशंटच्या कपाळावर चिकटवायची एक पट्टी. तिच्यातून डोळ्याला न दिसणारा प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूतल्या रक्तात किती प्राणवायू उरलाय ते वाचून परत येतो. त्याच्या जोडीला हृदयाची लहर आणि उच्छ्वासातला वायू. हे सगळं यंत्र आधीच्या लाखो पेशंटांशी ताडून बघतं आणि भिंतीवर एक आकडा दाखवतं: हा माणूस जिवंत परत येण्याची आशा शंभरात किती. आकडा क्षणाक्षणाला हलतो. शून्य झाला की एक मऊ आवाज म्हणतो, 'आशांक शून्य.' थांबा, असं तो म्हणत नाही. म्हणायची गरज नसते.

आणि त्यांच्या कॉलेजात होती एक रीत. कुठल्या पुस्तकात ती सापडणार नाही. पेशंट हाताबाहेर गेला की सीनियर हळूच विचारायचा, "कोण यायचंय?" कोणाचा मुलगा उमरेडहून निघालेला असायचा, कोणाची बहीण स्टँडवर उतरलेली असायची. ते माणूस दारातून आत येईपर्यंत छाती दाबणं चालू ठेवायचं. दाबणाऱ्याचे हात भरून आले की तो 'बदली' म्हणायचा, दुसरा पुढे व्हायचा. मुलानं येऊन डोळ्यांनी बघायचं की बापासाठी अजून हात चालू आहेत, आणि मग थांबायचं. सुनयनानं हे कितीदा केलं होतं. पण प्रत्ययच्या त्या चकचकीत खोलीत तिला ते गावठी वाटलं होतं. आवाज आला, तिनं हात उचलले, घड्याळ पाहून मृत्यूची वेळ सांगितली. आपण फार व्यवस्थित वागलो असं तिला वाटलंही होतं.

अंकांतला फरक एवढ्यावरून पडला असेल, हे तिच्या मनाला पटेना. एका डमीची छाती थोडी जास्त दाबली म्हणून यंत्र माणसाला एकतीसवर आणून ठेवेल? पण दुसरं काही सापडत नव्हतं. पसंतीक्रम भरायला अजून अवधी होता. ती पिंपरीला मावशीकडे उतरली आणि उमेदवारांना संस्था दाखवतात त्या दिवशी प्रत्ययला जाऊन हजर झाली.

विभागप्रमुख डॉ. विदुला सरंजामे स्वतः फिरवून दाखवत होत्या. साठीच्या, सुती साडीतल्या, आवाज कधीही न चढणाऱ्या. "डॉ. मेश्राम, इथं कोणी ओरडत नाही, हे लक्षात आलं का तुमच्या?" त्यांनी विचारलं. आलं होतं. तेच तर तिला खुपत होतं. एवढ्या मोठ्या इमर्जन्सीत ना पळापळ, ना हाका. रेसिडेंटचे चेहरे भरपेट झोप झालेले.

सगळे उमेदवार बघत असतानाच एका माणसाला आणलं. काम सुरू झालं, आणि सुनयनाला मानावं लागलं, फार सुरेख काम होतं ते. एकही हालचाल वाया नव्हती. भिंतीवरचा आकडा उतरत गेला आणि मऊ आवाज आला. पेपरची शेवटची घंटा झाल्यावर पेनं खाली ठेवतात तसे सगळे हात एकदम वर उचलले गेले. कोणीतरी चादर ओढली. त्या माणसाचा भाऊ तेव्हा खाली गाडी लावत होता. त्याला गाद्यांच्या खुर्च्या असलेल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि हलक्या आवाजात सांगितलं. त्यानं एकच विचारलं, की मी येईपर्यंत थांबला नाहीत का. याचं उत्तर त्या खोलीत कोणाला शिकवलेलं दिसत नव्हतं.

परतताना सुनयनानं धीर करून विचारलं, "मॅडम, शून्य दाखवल्यावर कोणी वाचलंय का कधी?"

"एकही नाही," सरंजामे म्हणाल्या, आणि त्यात त्यांचा खरा अभिमान होता. "इतक्या वर्षांत एकही नाही. म्हणून तर सरकार आता देशभर घेतंय."

"आणि शून्यानंतर दाबून किती वेळ बघता?"

सरंजामे हसल्या. वर्गात पोरानं भाबडा प्रश्न विचारल्यावर हसतात तसं. "शून्यानंतर कशाला दाबायचं?"

बसमध्ये खिडकीशी बसून सुनयना ते वाक्य घोळवत राहिली, आणि पिंपरी यायच्या आत तिच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. विहीर आटलीय असं कोणीतरी सांगायचं, म्हणून कोणी पोहरा सोडायचा नाही, आणि कोणाच्याच पोहऱ्यात पाणी आलं नाही म्हणून विहीर आटलीय हे सिद्ध. आशांक शून्य म्हणतो, डॉक्टर थांबतात, थांबल्यामुळे माणूस मरतो, आणि आशांक खरा ठरतो. एवढ्यावर भागत नाही. यंत्र आपल्याच पेशंटांवरून शिकतं. थांबवून मेलेला प्रत्येक माणूस त्याच्या हिशेबात आणखी एक पुरावा होतो. मागच्या वर्षी ज्याला यंत्रानं दोन म्हटलं असतं, त्याला या वर्षी शून्य म्हणेल, पुढच्या वर्षी आणखी लवकर म्हणेल. आणि कधीच चुकणार नाही.

त्याला चूक दाखवू शकेल असा एकच माणूस: शून्यानंतरही न थांबणारा. म्हणून एकतीस.

आणि आपले अठ्ठ्याण्णव? पाच वर्षांची मेहनत, हात, डोकं, काहीच त्यांनी बघितलं नव्हतं. ही मुलगी सांगितल्याबरोबर हात उचलते, एवढंच बघितलं होतं. यंत्र बनवणारी कंपनी प्रत्ययच्याच विश्वस्तांची होती, हेही तिला आत्ता आठवलं. ते कधी कोणी लपवलं नव्हतं, आणि कोणाला त्यात काही वावगंही दिसलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेपोटी संताप आला.

पण हा सगळा तर्क झाला. तर्क तर कोणीही लढवतो. शून्यानंतर खरंच कोणी परत येतं का, हे पाहायचं तर यंत्र असूनही न थांबणारी जागा हवी होती. शोधता शोधता तिला बोरखेड सापडलं. मराठवाड्यात नव्यानंच जिल्हा झालेलं गाव, तिथलं सरकारी रुग्णालय, आशांक तिथं वापरून पाहण्यासाठी दिलेला, आणि रेसिडेंटच्या निम्म्या जागा रिकाम्या.

तिथले प्रमुख डॉ. रामेश्वर गुट्टे तिला घेऊन कॅज्युअल्टीच्या पायरीवरच बसले, कारण आतल्या खुर्च्यांवर पेशंट होते. पंखा गरगर आवाज करत होता. कोणीतरी कोणाला तरी शिव्या घालत होतं. तिनं जरा चाचरतच ती रीत विचारली. गुट्टे म्हणाले, त्यात काय, लांबून माणूस यायचं असतं, आपले हात काय झिजतात?

"बहुतेक परत येत नाहीत, हे आधी सांगतो," ते म्हणाले. "बाहेर जाऊन उगाच गुट्टे मेलेली माणसं उठवतो म्हणू नका. पण यंत्र म्हणतंय 'एकही नाही'. आमचं म्हणणं 'क्वचित'. या दोन्हींच्या मधी आमचे ढगे बसलेत."

ढगे खरोखरच बसले होते, औषधाच्या खिडकीजवळच्या बाकावर, पायाशी सीताफळांची पिशवी घेऊन. निवृत्ती ढगे, एस.टी.त कंडक्टर. सीताफळं पिकली की कॅज्युअल्टीला आणून द्यायची, हा त्यांचा नेम. काय झालं होतं, असं सुनयनानं विचारलं तर ते म्हणाले, "मला काय ठावं? मी तर गेलोच होतो. लेक माझी रेल्वेच्या फाटकात अडकली. ती येईस्तोवर ह्या पोरांनी दाबायचं सोडलं नाही. मालगाडी लांबडी होती म्हणून मी हाय."

गुट्ट्यांनी ही माहिती कंपनीला कळवली होती. कंपनीचं उत्तर आलं की शून्यानंतरचे प्रयत्न नियमात बसत नसल्यानं ती माहिती धरता येत नाही. हे सांगताना ते हसले, पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर सुनयनाच्या मनात दुसराच किडा वळवळायला लागला. गुट्ट्यांना रेसिडेंट मिळत नाहीत. येईल त्या उमेदवाराला गोड बोलून ठेवून घेणं ही त्यांची गरज. ढग्यांना खरंच शून्य दाखवलं होतं का? सीताफळं देऊन कोणालाही बसवता येतं. मग तिला वाटलं, आपल्याला झालंय तरी काय. एका यंत्रानं अंक दिला आणि आता फळांच्या पिशवीवरही विश्वास बसेना झाला.

प्रसेन तोवर पुण्यात आला होता, लग्नाच्या खरेदीच्या नावाखाली. मावशीकडे जेवणं झाल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिली तू."

ती म्हणाली की नाही. तो म्हणाला की नापास पोराला घरचे असंच समजावतात, पेपर तपासणाराच वाईट होता म्हणून. एक कंडक्टर जगला त्यात त्याचं नशीब, आणि गुट्ट्यांना तर माणसं हवीतच. "तू अठ्ठ्याण्णववाली आहेस, जा ना तिथं. माझ्यासाठी कायले आयुष्य नासवते?" त्यानं पसंतीक्रमात स्किन वर टाकलं होतं. मोबाइल काढून दाखवलं. तिला त्याक्षणी तो आवडेनासा झाला, आणि त्याचं तिला इतकं वाईट वाटलं की ती उठून गॅलरीत गेली. कारण तो जे म्हणत होता तेच तिनं बोरखेडहून परतताना स्वतःला विचारलं होतं.

पसंतीक्रम भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी प्रत्ययमध्ये नव्वदीच्या वरच्यांची शेवटची चाचणी होती. नुसता सोपस्कार, असं सगळे म्हणत. घरच्यांना काचेमागे बसून बघायची सोय होती. संस्थेला आपलं काम दाखवायची हौस होती. सुनयनानं प्रसेनला चल म्हटलं. साड्या नंतर बघू. तो कुरकुरत आला आणि काचेमागे शेवटच्या खुर्चीत बसला.

तोच डमी, तीच बाई. निळी साडी, मांडीवर पर्स, डोळ्यांत पाणी. सकाळपासून तेच रडून तिचा आवाज बसला होता. जोडीला एक नर्स आणि एक टेक्निशियन. सुनयनानं काम सुरू केलं. छाती, नळी, शॉक, औषधं. बाई तिच्या वेळेवर म्हणाली, "आमचा मुलगा निघालाय हो, अर्ध्या वाटेत आहे." भिंतीवरचा आकडा उतरत गेला.

"आशांक शून्य."

नर्सनं हात काढले. बाईनं डोळे पुसले, पर्स खांद्याला लावली आणि ती उठून उभी राहिली. तिचं झालं होतं. सुनयना दाबत राहिली.

आणि तळहाताखाली तिला जाणवलं की छाती बदललीय. आत्तापर्यंत त्या रबरी बरगड्यांखाली काहीतरी झुंजत होतं. घाम होता, ऊब होती. आता काहीच नव्हतं. डमी थंड पडत होता. तिनं टेक्निशियनकडे बघितलं.

"मॅडम, तो बंद झाला," तो अवघडून म्हणाला. "शून्य झालं की बंदच होतो. त्याच्या पुढचं यात बनवलेलंच नाही."

एवढा महागडा डमी. घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तीनशे तऱ्हांनी मरता येतं त्याला. आणि शून्यानंतर परत यायची एकही वाट कोणी त्याच्यात ठेवली नव्हती. उमेदवारानं जन्मभर दाबलं असतं तरी तो आला नसता. सुनयनानं मान वर करून काचेकडे बघितलं. आतलं बोलणं बाहेर ऐकू जात होतं. प्रसेन खुर्चीतून उठला होता.

तिनं हात थांबवले नाहीत. शेजारच्या पडद्यावर तिचा स्वतःचा अंक खाली येत होता. नव्वद गेलं, सत्तर गेलं. डॉ. सरंजामे आत येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज आताही चढला नाही. "डॉ. मेश्राम, तुम्ही काय करताय ते तुम्हाला कळतंय ना?" सुनयना म्हणाली की कळतंय. त्या म्हणाल्या, यातून काहीच सिद्ध होणार नाही, तो डमी आहे. सुनयना म्हणाली, "तो डमी आहे मॅडम. पण बाहेर माणसं आहेत, आणि त्यांनाही तुम्ही शून्यालाच बंद करता."

सरंजामेंची नजर एकदा भिंतीवरच्या शून्याकडे गेली आणि तिथं जरा रेंगाळली.

निळ्या साडीतली बाई दाराशी जाऊन गोंधळून उभी होती. ती परत आली आणि स्टुलावर बसली. "मॅडम," तिनं हळूच विचारलं, "आता मी काय बोलू? मला पुढचं दिलेलं नाही."

सुनयनाचे दंड भरून आले होते. श्वास पुरत नव्हता. "मुलाला फोन लावा," ती म्हणाली. "म्हणावं, सावकाश ये. आमचे हात चालू आहेत."

बाईनं पर्समधून खरा मोबाइल काढला. सुनयनाचा ठेका चुकायला लागला आणि सवयीनं, कोणाकडेही न बघता, तिच्या तोंडून शब्द निघाला. "बदली."

नर्स जागची हलली नाही. टेक्निशियननं मान खाली घातली. काचेचं दार उघडल्याचा आवाज झाला, बाहीची बटणं सोडत कोणीतरी झपझप आत आलं, आणि तिच्या हातांशेजारी प्रसेनचे हात येऊन टेकले. ती बाजूला झाली. ठेका एकदाही तुटला नाही.

तिनं भिंतीला टेकून मोबाइल काढला आणि पसंतीक्रमात बोरखेड सगळ्यात वर नेलं. "माझंही कर," प्रसेन मान वर न करता म्हणाला, "खिशात आहे." तिनं त्याच्या खिशातून त्याचा मोबाइल काढला. पडद्यावरचा तिचा अंक आता एकतीसच्याही खाली गेला होता, पण त्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

स्टुलावरची बाई मोबाइल कानाला धरून बसली होती. पलीकडे कोण होतं कोणास ठाऊक. तिनं तो खाली घेतला तेव्हा तिचे डोळे पुन्हा भरून आले होते, आणि या वेळचं ते पाणी तिला कोणी आणायला सांगितलं नव्हतं.

"निघालाय म्हणतो," ती म्हणाली. "पोचतोच आहे."